वाऱ्याचा हिशोब: विमान-डेटा टूलबॉक्सच्या कामाच्या नोंदी

३ जून

आजपासून नोंदी ठेवायच्या असं ठरवलंय. मागच्या वेळी तीन महिन्यांनी स्वतःचाच कोड उघडून "हे कुणी लिहिलंय" म्हणत बसले होते, तर यावेळी निदान काय केलं आणि का केलं एवढं तरी कुठेतरी असू दे.

काम असं आहे की संशोधनाची विमानं हवेत फिरून जे मोजतात, म्हणजे दाब, तापमान, आर्द्रता, वारा, ढगातले थेंब, ते सगळं कच्च्या आकड्यांपासून वापरता येईल अशा आकड्यांपर्यंत आणायची एक छोटी पायथन लायब्ररी लिहायची. ओपन सोर्स, कुणीही घ्या. आम्ही तिघं आहोत. गणिताची बाजू माझ्याकडे, फायली वाचायची बाजू एका मित्राकडे (याला इथून पुढे रीडरवाला म्हणणार, त्याला विचारलंय), आणि एक मॅडम आहेत ज्यांनी अर्धं आयुष्य विमानावरच्या प्रोबचं, म्हणजे मोजणाऱ्या उपकरणांचं, कॅलिब्रेशन करण्यात घालवलंय. त्या कोडला हात लावत नाहीत पण प्लॉट बघून आम्ही कुठे माती खाल्ली ते बरोबर सांगतात.

हे जगात पहिल्यांदा आम्हीच करतोय अशातला भाग नाही. युरोपात युफार या विमान-संशोधनाच्या संघटनेने इगॅड्स नावाचं पायथन टूलबॉक्स केलंच आहे, त्यात प्रत्येक अल्गोरिदमचं सूत्र, इनपुट, युनिट असं व्यवस्थित लिहिलेलं असतं आणि मी ते बघूनच शिकले. अमेरिकेतल्या एनकार या हवामान-संशोधन संस्थेचा विमान-डेटाचा कोडही उघडा आहे. आमचं त्यांच्याशी काही स्पर्धाबिर्धा नाही, आम्हाला फक्त दाबापासून वाऱ्यापर्यंतची साखळी एका जागी, कडी कडी सुटी करून बघता येईल अशी हवी होती. कारण खरं दुखणं सूत्रांचं नाहीच, सूत्रं पुस्तकात मिळतात. आलेल्या आकड्यावर आधी कुणी काय संस्कार केलेत ते कळत नाही, तिथे घोडं पेंड खातं.

५ जून

रीडरचा दिवस. नासा एम्स फॉरमॅट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, वर हेडर आणि खाली रकाने. पहिल्याच ओळीत दोन आकडे: हेडर किती ओळींचा आहे आणि फॉरमॅटचा क्रमांक काय, बहुतेक वेळा १००१. आयकार्ट फॉरमॅटही त्याच घराण्यातला. दिसायला इतकं सोपं की रीडरवाला म्हणाला अर्ध्या तासात करतो.

संध्याकाळी त्याचा मेसेज, "अगं एका फाइलमध्ये पहिला सेकंदच गायब आहे आणि दुसरीत तापमानाच्या रकान्यात अक्षरं येतायत." झालेलं असं की अक्षरं येणाऱ्या फाइलमध्ये कुणीतरी हेडरमध्ये हाताने एक शेऱ्याची ओळ वाढवली होती आणि पहिल्या ओळीतला आकडा तसाच ठेवला होता. म्हणजे फाइल म्हणते माझा हेडर ३८ ओळींचा, आणि प्रत्यक्षात ३९. दुसऱ्या फाइलमध्ये उलटं, ओळ काढली आणि आकडा तोच. पहिल्या प्रकारात रकान्यांच्या नावाची ओळ डेटा म्हणून वाचली जाते आणि निदान आरडाओरड तरी होते, दुसऱ्यात डेटाची पहिली ओळ मुकाट गिळली जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मला हा दुसरा प्रकार जास्त डेंजर वाटतो.

ठरलं असं की आकड्यावर विश्वास ठेवायचा पण तपासून. हेडरची शेवटची ओळ नावांची असली पाहिजे आणि तिच्यातली नावं रकान्यांइतकीच भरली पाहिजेत, नाहीतर एरर. आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही. रीडरवाल्याचं मत दुरुस्त करावं असं होतं, मी म्हटलं नको, ओरडू दे.

९ जून

गहाळ आकड्यांचा घोळ. आयकार्टमध्ये मोजमाप नसलं तर -९९९९ लिहितात, यंत्राच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलं तर -७७७७, खालच्या मर्यादेखाली गेलं तर -८८८८. शिवाय प्रत्येक रकान्याला एक स्केल फॅक्टर असतो. आम्ही आधी स्केलने गुणलं आणि मग -९९९९ शोधलं. स्केल ०.१ असलेल्या रकान्यात तो आकडा तोवर -९९९.९ होऊन बसलेला, मग तो कसला सापडतोय, सरासरीत जाऊन मस्त मिसळला. दहा सेकंदांच्या सरासरीत असा एक जरी घुसला तर आकडा शंभराने खाली जातो, ते निदान दिसतं तरी, पण मिनिटाच्या सरासरीत तो १६-१७ ने खाली जातो आणि तापमानाच्या रकान्यात ते कुणालाही खरं वाटेल.

आधी गहाळ शोधा, मग गुणा. टेस्ट लिहिली. पुढे.

१० जून

काही झालं नाही. सीआय (कोडच्या टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) का लाल होतोय ते शोधण्यात दिवस गेला. एका फाइलच्या नावात स्पेस होती.

१४ जून

तापमान. हा भाग मला मनापासून आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहिते, ज्यांना माहितेय त्यांनी सोडून द्या.

विमानाबाहेर थर्मामीटर लावला की तो हवेचं तापमान सांगत नाही. समोरून येणारी हवा प्रोबवर आपटून जवळजवळ थांबते, आणि थांबताना तिच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत जाते. सेकंदाला १०० मीटर वेग असेल तर ही तापवणूक साधारण ५ अंश. जेट विमान ध्वनीच्या ०.७ पट वेगाने वर उडत असेल तर २० अंशांच्याही वर. म्हणजे बाहेर उणे ५३ असताना प्रोब उणे ३०-३२ दाखवणार. हे जे प्रोबला दिसतं त्याला टोटल तापमान म्हणतात, आणि आपल्याला हवं ते स्टॅटिक. मधला दुवा म्हणजे मॅक नंबर (वेग ध्वनीच्या किती पट तो आकडा), आणि प्रोबमध्ये हवा पूर्ण थांबत नाही म्हणून वर एक रिकव्हरी फॅक्टर, जो १ पेक्षा थोडा कमी असतो आणि प्रोबप्रमाणे बदलतो.

साखळी अशी: पिटो ट्यूबचा दाब (समोरून येणारी हवा थांबवून मोजलेला) आणि स्टॅटिक दाब (आजूबाजूच्या हवेचा) यांवरून मॅक, मॅक आणि टोटल तापमानावरून स्टॅटिक तापमान, मॅक आणि स्टॅटिक तापमानावरून खरा हवाई वेग. प्रत्येक कडी वेगळं फंक्शन. कुठल्याही फंक्शनने दोन कामं करायची नाहीत, आणि हे मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय कारण मोह होतो.

१५ जून

मॅडमनी एक भारी गोष्ट सुचवली. म्हणाल्या, "तुम्ही खऱ्या डेटावर टेस्ट करू नका, खऱ्या डेटाचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. आधी खोटं विमान उडवा."

तर खोटं विमान उडवलं. वारा आम्हीच ठरवायचा, विमानाचा मार्ग ठरवायचा, त्यावरून दाब काय दिसला असता, जीपीएसला वेग काय दिसला असता ते उलटं काढायचं, आणि ते सगळं आपल्याच साखळीत घालून ठरवलेला वारा परत मिळतो का बघायचं. पहिल्याच रनला मिळाला, सहाव्या दशांशापर्यंत. इतकं सुरळीत झाल्यावर मला जरा भीतीच वाटली.

१९ जून

खरी फाइल. एका जुन्या उड्डाणाचा डेटा मिळालाय, टर्बोप्रॉप विमान, सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेग.

विमानावरून वारा मोजणं म्हणजे भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा ट्रक तोलायचा, आणि वजाबाकी करून आतल्या पिशवीचं वजन सांगायचं. जमिनीच्या सापेक्ष विमानाचा वेग वजा हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग म्हणजे वारा. दोन्ही आकडे शंभरच्या घरातले आणि आपल्याला हवा तो पाच-सहाचा फरक. कुठल्याही एकात एक टक्का चूक झाली की वाऱ्यात पंधरा-वीस टक्के चूक.

पहिला प्लॉट काढला तर सरळ उडताना वारा ठीक, ५-७ मीटर प्रति सेकंद, आणि विमान वळलं की वारा ९०. नव्वद! तेही प्रत्येक वळणात. आणि वळण संपलं की परत शहाण्यासारखा ६.

दोन तास रोल अँगलची (विमान किती कललं त्या कोनाची) अधिक-उणे चिन्हं तपासण्यात घालवले, मॅट्रिक्स उलटीसुलटी करून बघितली. मग जेवताना सुचलं की दोन फायलींची घड्याळंच वेगळी असतील. हेडिंगची (विमानाच्या नाकाच्या दिशेची) फाइल जीपीएस टाइममध्ये होती आणि दाबाची यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. जीपीएसचं घड्याळ १९८० मध्ये सुरू झालं तेव्हा दोन्ही एकच होते, पण यूटीसीत मधूनमधून लीप सेकंद घालतात आणि जीपीएसमध्ये घालत नाहीत, त्यामुळे २०१७ च्या १ जानेवारीपासून जीपीएस १८ सेकंद पुढे आहे. सेकंदाला ३ अंशांच्या वळणात १८ सेकंद म्हणजे ५४ अंश. विमानाचं नाक एकीकडे आणि आम्ही समजतोय ५४ अंश दुसरीकडे. १०० मीटरचे दोन बाण एकमेकांपासून ५४ अंशांवर ठेवले तर टोकांमधलं अंतर ९१ भरतं. चोख हिशोब लागला एकदम, मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

सरळ उडताना ही चूक अजिबात दिसत नाही, हे लक्षात ठेवायचं. फक्त सरळ लेगवर (उड्डाणाच्या सरळ टप्प्यावर) टेस्ट करणाऱ्या माणसाला ती कधीच सापडली नसती.

फाइलच्या हेडरमध्ये "टाइम, सेकंद" एवढंच लिहिलंय. कुठले सेकंद?

२० जून

कालचं दुरुस्त केल्यावर वळणातला वारा ९० वरून बराच खाली आला पण अजून करवतीच्या दात्यांसारखा हलतोय. हे मात्र आमचंच पाप. रीडरवाल्याने जागा वाचवायला सगळे रकाने ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवले होते, वेळसुद्धा, आणि वेळ १९७० पासूनचे सेकंद अशी. तो आकडा १७० कोटींच्या घरात, आणि ३२ बिट फ्लोटला त्या उंचीवर १२८ सेकंदांच्या खालचा फरक दिसतच नाही. म्हणजे दोन दोन मिनिटं घड्याळ थांबलेलं आणि मग टुणकन उडी.

मी म्हटलं, "अरे निदान दिवसाच्या सुरुवातीपासूनचे सेकंद तरी ठेवायचे." तर तेही पुरत नाही, संध्याकाळी सव्वासहानंतरच्या आकड्यांना ३२ बिटमध्ये पायरी ८ मिलिसेकंदांची पडते, आणि आमचा डेटा सेकंदाला २५ वेळा, म्हणजे ४० मिलिसेकंदांच्या अंतराने. तर वेळ ६४ बिट, यात चर्चा नाही. त्याने बिचाऱ्याने मुकाट कमिट केलं (बदल कोडच्या इतिहासात नोंदवला) आणि मेसेजमध्ये लिहिलं "डिस्क स्वस्त आहे".

२३ जून

हेडिंगची सरासरी. २५ हर्ट्झवरून १ हर्ट्झवर आणताना ३५९ आणि १ ची सरासरी १८० येते. विमान उत्तरेकडे चाललंय आणि आम्ही सांगतोय दक्षिणेकडे. ही चूक इतकी जुनी आहे की लाज वाटते, पण झाली. साइन-कोसाइन करून सरासरी, मग अर्कटॅन. जिथे जिथे कोन आहे तिथे साधी सरासरी मारायचा प्रयत्न केला की फंक्शन एरर देईल असं केलं, म्हणजे व्हेरिएबलवर "मी गोल आहे" असा शिक्का असतो आणि सरासरीवालं फंक्शन तो बघतं.

२४ जून

वाऱ्याची दिशा १८० अंश उलटी. हवामानात दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती, गणितातला बाण मात्र जिकडे जातो तिकडे. गंमत म्हणजे मराठीत हा गोंधळ होतच नाही, पश्चिमेचा वारा म्हटलं की तो पश्चिमेकडून आला हे कुणाला सांगावं लागत नाही. मी डॉक्युमेंटेशनमध्ये "टू" आणि "फ्रॉम" करत बसले होते. दोन उणे चिन्हं घातली, झालं.

२८ जून

आता खरी परीक्षा. या उड्डाणात उलट दिशेचे लेग आहेत, म्हणजे एकाच उंचीवर, एकाच रेषेवर आधी जायचं आणि लगेच त्याच रेषेवरून परत यायचं. मधल्या काही मिनिटांत वारा बदलत नाही असं धरलं तर दोन्ही लेगवर वारा तोच आला पाहिजे. नाही आला तर चूक आपली.

नाही आला. समोरून वारा घेत जाताना ५.१, पाठीवर वारा घेऊन येताना ६.९. सरासरी बरोबर ६.०.

कागदावर मांडलं. जाताना जीपीएस म्हणतं वेग ९४, येताना म्हणतं १०६. म्हणजे हवाई वेग १०० असेल तर वारा दोन्हीकडे ६, सरळ आहे. आमचा कोड हवाई वेग ९९.१ काढतोय. ९९.१ वजा ९४ म्हणजे ५.१, आणि १०६ वजा ९९.१ म्हणजे ६.९. तर चूक वाऱ्यात नाहीये, हवाई वेग ०.९ ने कमी येतोय. पण का?

खोट्या विमानाची टेस्ट अजूनही हिरवीगार आहे. म्हणजे गणित बरोबर, आत येणारा आकडा चुकतोय.

१ जुलै

मला वाटलं सापडलं. स्टॅटिक दाबाची भोकं विमानाच्या अंगावर असतात आणि अंगावरून हवा वाहताना तिथला दाब मोकळ्या हवेतल्या दाबाइतका राहत नाही. याला पोझिशन एरर म्हणतात आणि ती मोजायला विमानामागे लांब नळीवर शंकू सोडून त्यातला दाब घेतात, किंवा टॉवरशेजारून उंची पकडून उडतात. आमच्या फाइलबरोबर तसलं काही आलेलं नाही. हिशोब केला, हवेचा दाब ७०० हेक्टोपास्कल असलेल्या उंचीवर ०.९ मीटरची चूक व्हायला दाबात ०.८ हेक्टोपास्कल चुकायला हवा, आणि ते अगदी शक्य कोटीतलं आहे.

मग काय, डायनॅमिक दाबाला (पिटोचा दाब वजा स्टॅटिक दाब) १.०१८ ने गुणलं. दोन्ही लेग ६.०. रीडरवाल्याने अंगठा दाखवला, मी कमिट केलं, झोपले.

३ जुलै

मॅडमनी कमिट बघून विचारलं, "हा १.०१८ कुठून आणलात?" म्हटलं लेग जुळवून. त्या म्हणाल्या, "एकाच वेगाच्या लेगवर जुळवलेला फॅक्टर म्हणजे काहीच नाही. याच उड्डाणात वेग बदलून केलेले लेग असतील, ते बघा आणि मग बोलू."

होते. त्याच उंचीवर ८० ला आणि १३० ला. माझा फॅक्टर काढून टाकून बघितलं तर हवाई वेगातली चूक ८० ला ०.५, १०० ला ०.९, १३० ला जवळजवळ २.०. फॅक्टर लावला तर १०० ला सगळं गोड, पण १३० ला दोन लेगांत अजून १.६ चा फरक शिल्लक, आणि ८० ला चूक उलट्या बाजूला गेलेली.

दाबातला ठराविक टक्का चुकत असता तर वेगातही ठराविक टक्का चुकला असता, १३० ला १.२ आला असता. इथे टक्का स्वतःच वेगाबरोबर वाढतोय. ०.५, ०.९, २.० हे आकडे मी बराच वेळ नुसते बघत होते, मग ८०, १०० आणि १३० यांचे घन केले, १०० च्या घनाच्या पटीत: ०.५१, १.००, २.२०. साधारण घनाच्या प्रमाणात! हवाई वेगात मॅक असतो आणि तापमानाचं वर्गमूळ असतं. मॅक बरोबर असेल आणि तापमान वेगाच्या वर्गाने चुकत असेल तर हवाई वेगाची चूक घनाने वाढणार. आणि वेगाच्या वर्गाने वाढणारं तापमान म्हणजे १४ जूनला मी इतक्या प्रेमाने समजावलेली तीच तापवणूक.

आम्ही ती दोनदा काढत होतो.

फाइलमध्ये रकान्याचं नाव होतं "टेम्प", युनिट केल्विन. मी टोटल समजले. फाइल देणाऱ्यांनी ते आधीच स्टॅटिक करून ठेवलेलं होतं. १०० च्या वेगाला खरं २७३ केल्विन, आम्ही त्यातून परत ५ काढून २६८ केलं, वर्गमूळात ते ०.९ टक्के, तेवढाच हवाई वेग कमी. आणि मी काय केलं तर दाबाला फॅक्टर लावला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सगळ्यात लागलं ते हे की तो १.०१८ तसाच राहिला असता तर प्लॉट सुंदर दिसला असता आणि तापमान मात्र ५ अंश थंडच राहिलं असतं, आणि तापमानाचा प्लॉट मी काढलाच नव्हता. वारा, वारा, वारा करत होते.

४ जुलै

१.०१८ चं कमिट मागे घेतलं. मिटवून टाकलं नाही, रिव्हर्ट केलं, इतिहासात दिसू दे.

आज दिवसभर यावर चर्चा की पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं. नेटसीडीएफ या डेटा-फायलींच्या फॉरमॅटमध्ये हिस्टरी नावाचा अॅट्रिब्यूट लिहायची पद्धत आहेच, फाइलवर कुणी काय केलं ते तारखेसकट एकेक ओळ लिहायची. पण तो अख्ख्या फाइलला एक, आणि बऱ्याचदा त्यात नुसतं "कन्व्हर्ट केलं" एवढंच. आम्हाला प्रत्येक रकान्याला हवा.

रीडरवाल्याचं डोकं इथे मस्त चाललं. म्हणाला, "तू तापमान नावाची गोष्टच ठेवू नकोस. टोटल तापमान हा एक प्रकार, स्टॅटिक हा दुसरा, आणि कुठलं ते माहीत नाही हा तिसरा. तुझं फंक्शन फक्त पहिला घेईल, तिसरा दिला तर थांबून विचारेल." म्हणजे आता "टेम्प" नावाचा रकाना वाचला की तो "माहीत नाही" या डब्यात पडतो आणि वापरणाऱ्याला एका ओळीत लिहून द्यावं लागतं की हे टोटल आहे, आणि ती ओळ आउटपुट फाइलमध्ये त्याच्या नावासकट जाते. वापरायला किचकट झालं हे मान्य. दोन जणांनी इश्यूत (प्रकल्पाच्या तक्रारवहीत) तक्रारही केली की आधी एका ओळीत काम व्हायचं. बरोबर, चुकीचं काम व्हायचं.

वेळेलाही तेच: जीपीएस, यूटीसी, माहीत नाही.

७ जुलै

तापमान सरळ केल्यावर लेगच्या दिशेतला वारा तिन्ही वेगांना ०.१ च्या आत जुळला. आडव्या दिशेत मात्र दोन लेगांत ०.७ चा फरक आहे, आणि लेग उलटला की चिन्ह उलटतं. म्हणजे प्रत्येक लेगवर ०.३५, आणि १०० च्या वेगाला ०.३५ म्हणजे ०.२ अंश. विमानाच्या नाकावरच्या भोकांवरून साइडस्लिप (हवा नाकावर बाजूने किती तिरकी येते तो कोन) काढतात त्यात तरी ०.२ अंशाचा कायमचा तिरपेपणा आहे किंवा हेडिंगमध्ये तरी. दोन्हीपैकी कुठे ते सरळ लेगवरून सांगता येत नाही, दोन्ही सारखेच दिसतात. यावेळी फॅक्टर लावला नाही. इश्यू उघडला आणि मॅडमना विचारलं.

त्यांचं उत्तर: "सरळ उडताना पायलटला मुद्दाम रडर (शेपटीवरचं सुकाणू) डावी-उजवीकडे द्यायला सांगतात, तो भाग डेटात आहे का बघा." बघते.

१२ जुलै

आर्द्रता, थोडक्यात. थंड आरशाच्या यंत्रात आरसा गार करत नेतात आणि त्यावर धुकं धरलं की ते तापमान नोंदवतात. शून्याखाली आरशावर जे जमतं ते अतिथंड पाणी आहे की बर्फ यावर उत्तर बदलतं. उणे २० ला पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब १.२५ हेक्टोपास्कल, बर्फावरचा १.०३. वीस टक्क्यांचा फरक. फाइलमध्ये रकान्याचं नाव "ड्यू पॉइंट" आणि उड्डाणाचा निम्मा भाग शून्याखाली. तो खरंच दवबिंदू आहे की हिमबिंदूलाच तसं नाव दिलंय?

"माहीत नाही" च्या डब्यात. डबा भरत चाललाय.

१५ जुलै

ढगांच्या प्रोबचं काम सुरू केलं, निदान वाचायला तरी. इमेजिंग प्रोबमध्ये लेसरचा पट्टा डायोडच्या रांगेवर पडतो, थेंब मधून गेला की सावली पडते, आणि रांगेचे एकामागून एक काप जोडून चित्र होतं. २५ मायक्रॉनचा काप आणि १०० चा वेग म्हणजे सेकंदाला ४० लाख काप. हा वेग प्रोबला उडताना विमानच सांगतं. तेव्हा चुकीचा हवाई वेग गेला असेल तर गोल थेंब लांबट किंवा चपटा दिसतो, आणि नंतर आपण हवाई वेग कितीही सुधारला तरी चित्र तसंच राहतं, ते ताणून सरळ करावं लागतं. म्हणजे दोन हवाई वेग ठेवायचे: त्या दिवशी प्रोबला सांगितलेला आणि नंतर काढलेला. आणखी एक "कुठला?".

०.९ टक्क्यांनी इथे काही बिघडत नाही म्हणा, थेंबांच्या संख्येत यापेक्षा मोठ्या चुका आधीच बसलेल्या असतात, बर्फाचे कण प्रोबच्या टोकांवर आपटून फुटतात आणि एकाचे वीस मोजले जातात. असे तुकडे एकामागोमाग झुंडीने येतात, त्यावरून ओळखून गाळता येतात. ते पुढच्या महिन्यात.

१९ जुलै

रडरचा भाग सापडला, लेगच्या शेवटी जेमतेम पाऊण मिनिट. साइडस्लिपचा शून्य ०.२ अंशाने सरकवला की रडर हलताना आडवा वारा हलत नाही असं होईल म्हटलं होतं, पण हलायचा थांबला तो शून्य सरकवून नाही, साइडस्लिपचा गुणक बदलल्यावर. शून्य कितीही सरकवला तरी काही फरक नाही. विचार केल्यावर कळलं की बरोबरच आहे, रडरने गुणक कळतो, शून्य कळत नाही. म्हणजे ०.२ अंश हेडिंगचा की साइडस्लिपचा हे अजून लोंबकळतंच आहे. मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "हो, म्हणूनच मी फक्त बघा म्हटलं, सापडेल असं म्हटलं नव्हतं."

२२ जुलै

०.१ रिलीज टाकलं. साखळी चालते, खोट्या विमानाच्या चौदा टेस्ट आहेत आणि त्यातल्या दोन आता मुद्दाम चुकीचा डेटा देतात: एकीत घड्याळ १८ सेकंद पुढे, दुसरीत तापमान आधीच स्टॅटिक केलेलं. दोन्हींत लायब्ररीने थांबून विचारलं तरच टेस्ट पास.

आडव्या वाऱ्याचा इश्यू उघडाच ठेवलाय, आउटपुट फाइलमध्ये त्या रकान्याच्या हिस्टरीत लिहिलंय: "०.२ अंशाचा तिरपेपणा आहे, हेडिंग की साइडस्लिप ठरलेलं नाही, दुरुस्त केलेला नाही." रीडरवाला म्हणाला एवढी लांब ओळ काही जुन्या प्रोग्रॅमना झेपणार नाही, तर त्याने तिचे दोन तुकडे केले.